गुरुवारची जागा

तागे विक्नेरला गर्दी आवडत नसे. माणसांची तर नाहीच, पण अक्षरांचीही नाही. येव्ले या बंदराच्या गावी, तिथल्या वर्तमानपत्रात, तो ऐन विशीत छपाईचे खिळे जुळवायला लागला तेव्हापासून त्याचं एकच म्हणणं होतं, की कागदावर जितकं कमी तितकं बरं. पुढे खिळे गेले, कंप्युटर आले, बरोबरीचे लोक हातपाय गाळून बसले. तागेनं मात्र नवी विद्या निमूटपणे शिकून घेतली आणि नोकरी सुटल्यावर गावातल्या लोकांना वेबसाइट करून द्यायला लागला. वाचनालयाची केली, पोहण्याच्या क्लबची केली, अंत्यविधीची व्यवस्था बघणाऱ्या एका कुटुंबाची केली. तिन्ही सारख्याच दिसत. पांढरं पान, काळी अक्षरं, वरून खाली एकच रांग. पोहणाऱ्यांनी एकदा भीत भीत विचारलं, की पाण्याचा एखादा फोटो टाकता येईल का. तागे म्हणाला, "पाणी बघायचं असेल तर तलावावर या की."

त्याची बायको केर्स्टिन त्याला सोडून गेली त्यालाही जमाना झाला होता. जाताना ती म्हणाली होती, तुझ्याबरोबर राहणं म्हणजे दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर राहणं आहे. यात वाईट काय, हे तागेला अजून उमगलेलं नव्हतं. दवाखान्याचा बाक स्वच्छ असतो, शांत असतो, आणि तिथं कुणी उगाच बोलत नाही.

अशा या माणसाच्या आठवड्यात एकच गोष्ट होती जिची तो मनापासून वाट बघायचा, आणि ती सोसायटीच्या तळघरात होती.

तळघरात धुण्याची खोली होती. दाराशेजारी भिंतीवर एक जुना लाकडी फळा. त्यावर महिन्याचे दिवस आडवे, वेळा उभ्या, आणि प्रत्येक चौकोनात एक भोक. प्रत्येक घराचं एक छोटं पितळी कुलूप असे, त्यावर घराचा नंबर. ज्या भोकात तुमचं कुलूप, ती वेळ तुमची. तिथं राजा आला असता तरी त्याला थांबावं लागलं असतं. सोसायटीत कुणाचा घटस्फोट झाला, कुणाचं पोर परदेशी गेलं याची कुणाला गंधवार्ता नसे. पण यंत्राच्या जाळीत साचलेला भुगा कुणी काढला नाही तर दुसऱ्या दिवशी भिंतीवर चिठ्ठी लागलीच म्हणून समजा: 'तुझी आई इथं राहत नाही. तुझा भुगा तूच काढ. स्नेहपूर्वक, एक शेजारी.' सही कधीच नसायची. समोरासमोर बोलून कुणाला संकोचात कशाला टाका?

इथं सगळेच एकमेकांना 'तू' म्हणतात, पण त्यावरून जवळीक असते असं कुणी समजू नये. जिन्यात पावलं वाजली की माणूस दारातल्या भिंगाला डोळा लावून उभा राहतो, आणि जिना मोकळा झाला की मगच बाहेर पडतो. यात राग नसतो, तुसडेपणा नसतो. याला शेजाऱ्याचा मान राखणं म्हणतात. तागे तर यात अख्ख्या इमारतीला भारी होता.

गुरुवारी दुपारची वेळ त्याची. त्याच्यानंतरची बार्ब्रूची. ती दुसऱ्या मजल्यावर सात नंबरात राहायची, एकटीच. सगळी हयात तिनं रंगांच्या दुकानात डब्यांमध्ये रंग कालवण्यात घालवली होती. पहिल्यांदा ती वेळेच्या आधी खाली आली तेव्हा तागे एका चादरीशी झटत होता. यंत्रातून निघालेली चादर दोघांनी चार कोपरे धरून ताणायची असते. मागे रेलून ओढायचं, कोपरे जुळवायचे, मग एकानं चालत दुसऱ्याकडे येऊन आपले कोपरे त्याच्या हातात द्यायचे, आणि शेवटी ती घडी लाकडी रुळांमधून काढायची. मग ती अशी सपाट होते की इस्त्रीनं लाजावं. हे काम आई नि मुलगी करतात, नवरा-बायको करतात. एकट्याला ते जमत नाही. तागेनं एक टोक हनुवटीखाली धरलं होतं आणि दुसरं गुडघ्यात.

"अरे, चादर आहे ती, बैल नव्हे," दारातून बार्ब्रू म्हणाली. "आण इकडे एक टोक."

तेव्हापासून दर गुरुवारी हे ठरूनच गेलं. अर्थात कुणी काही ठरवलं नव्हतं. आधी त्याच्या चादरी व्हायच्या. मग तो वर जायचा, आणि तिचं धुणं निघायच्या सुमारास 'मोजा राहिला वाटतं' म्हणत पुन्हा खाली उतरायचा. मोज्याचं हे निमित्त इतकी वर्षं चाललं, की शेवटी तिनं विचारलं, "तागे, तुला पाय आहेत तरी किती?"

एकमेकांच्या घरी ती दोघं कधी गेली नाहीत. कॉफीला ये, असं दोघांपैकी कुणी म्हणालं नाही. पण चादर ताणताना बोलणं व्हायचं. चादर मधे असली की माणसाला तोंडाकडे बघावं लागत नाही, आणि मग बोलता येतं. एकदा असंच कोपरे जुळवता जुळवता बार्ब्रूनं विचारलं, "तुझा गुरुवार कुठल्या रंगाचा आहे?"

"गुरुवारला रंग कुठून असणार? तो वार आहे."

"माझा वाटाण्याच्या सुपाच्या रंगाचा आहे. हिरवा, पण त्यात तपकिरी कालवलेला."

"गुरुवारी सगळे तेच सूप पितात म्हणून."

"मुळीच नाही. मला दात यायच्या आधीपासून तो त्या रंगाचा आहे. सोमवार फाटलेल्या दुधासारखा. मंगळवार पिवळा, मोहरीसारखा. बुधवार निळा, पण थंड निळा नव्हे, शाळेच्या दाराचा असतो तसा. आणि सगळे एका ओळीत नाहीत हं. आठवडा असा उजवीकडे वळत जातो, आणि गुरुवार बरोबर वळणावर असतो, जरा खाली. मी डोळे मिटले की तिथं जाऊन उभी राहते. तू डोळे मिटलेस की काय दिसतं?"

तागेनं प्रामाणिकपणे डोळे मिटून पाहिलं. "अंधार. दुसरं काय दिसणार?"

"बरं, तुझ्या आईचं तोंड आठव."

"आठवलं. नाक मोठं. डाव्या गालावर तीळ."

"ते नाही रे. दिसतं का?"

"ती वारली, बार्ब्रू. कशी दिसेल?"

बार्ब्रूनं चादर खाली टाकली आणि पोट धरून हसली. मग तिच्या लक्षात आलं की हा चेष्टा करत नाहीये, आणि तिचं हसू थांबलं. लोक म्हणतात 'डोळ्यांपुढे उभं राहिलं', ते तागेला आजवर नुसती बोलण्याची पद्धत वाटत आलं होतं. इतरांच्या खरोखरच डोळ्यांपुढे उभं राहतं, हे त्याला त्या दिवशी तळघरात कळलं. सत्तरी जवळ आली होती. घरी जाऊन तो बराच वेळ खुर्चीत बसून राहिला. आपल्याला पानं रिकामी का आवडतात, हे त्याला पहिल्यांदाच कळल्यासारखं वाटलं. त्याच्या डोक्यातलं पानही तसंच होतं.

मग ओसा सोसायटीची अध्यक्षा झाली. ओसा चाळिशीची, हुशार, सतत घाईत. तिनं फर्मान काढलं, की कुलपांचा फळा आता काढू या, सगळं वेबसाइटवर आणू या, आणि ते काम तागे फुकटात करून देईल. तागे खूश झाला. हाडाच्या कारागिराला आपल्याच जिन्यातल्या लोकांसाठी काम करायला मिळावं, याहून चांगलं काय? त्यानं महिनाभर मन लावून काम केलं. पान पांढरंशुभ्र. वर तारीख, खाली तारीख, त्याखाली तारीख, प्रत्येकीपुढे वेळा. एकही ओळ जास्तीची नाही. ते बघून बार्ब्रू काय म्हणेल, याचाही विचार त्याच्या मनात येऊन गेला. खोटं कशाला सांगा, काम करताना तोच विचार जास्त होता.

पानगळीच्या दिवसांत सभा भरली. दालचिनीचे पाव होते, कॉफी होती, भिंतीवर तागेचं पान झळकत होतं. आणि सगळे तुटून पडले. कुणाला अक्षरं मोठी हवी होती, कुणाला पाठीमागे काळं हवं होतं. तिसऱ्या मजल्यावरचा मिलोराद म्हणाला, "हे बघून मला आयकर खात्याची आठवण येते." तागे सगळं ऐकून घेत होता. लोकांना आवड नसते, हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं.

मग बार्ब्रू उठली. सभेत ती एरवी कधी बोलायची नाही. मान लाल झाली होती.

"तागे, यात गुरुवार कुठं आहे? मी खाली खाली जाते आणि मला कळतच नाही मी कुठं आहे. सगळे वार सारखेच. इथं जागाच नाही कशाला."

सभेभर त्यानं सगळ्यांचं ऐकून घेतलं होतं. त्यात हिचं बोलणं सगळ्यांत जास्त लागलं.

"गुरुवार बुधवारनंतर येतो," तागे म्हणाला. "निदान शाळेत तरी तसंच शिकवतात."

मोठा हशा पिकला. हशा संपायच्या आतच तागेला कळलं की आपण काय करून बसलो. हे सगळं तिनं फक्त त्याला सांगितलं होतं, चादरीच्या पलीकडून. बार्ब्रू खाली बसली, कप उचलला, आणि सभा संपेपर्यंत कपातच बघत राहिली.

पुढच्या गुरुवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तागेनं आपल्या चादरी चुरगळलेल्या तशाच घरी नेल्या आणि त्यांवर झोपला.

नाताळ जवळ आला. घराघरांच्या खिडक्यांत कागदी तारे लागले. सात नंबरची खिडकी काळोखी राहिली. तागेनं अंगणातून ती बघितली. इतका राग, की यंदा तारासुद्धा लावला नाही? जिन्यातून जाताना दुसऱ्या मजल्यावर त्याचे पाय आपोआप मंद व्हायचे. दारावर तिचं नाव होतं, घंटा होती. बोट टेकवायचं तेवढं बाकी होतं. पण घंटा वाजवायला काही कारण लागतं. पाणी गळत असेल, आग लागली असेल, चुकून तिचं पत्र आपल्या पेटीत पडलं असेल. 'तुझी आठवण येते' हे कारण या जिन्यात आजवर कुणी दिलेलं नव्हतं. तागे पुढे निघून जायचा.

आणि आठवण तरी कशी यायची? दुसऱ्या कुणाचं माणूस दुरावलं तर तो डोळे मिटून त्याला भेटून येतो. तागे डोळे मिटायचा आणि अंधारात बसायचा. पोलिसात वर्णन द्यायचं असतं तर त्यानं बिनचूक दिलं असतं: पांढरी झुलपं कपाळावर, चष्मा दोरीला बांधलेला, पुढचा एक दात किंचित तुटका. सगळं ठाऊक होतं, आणि दिसत काहीच नव्हतं. ती नसली की अजिबात नसायची. सगळा हिवाळा तो रोज प्रयत्न करत राहिला. एखाद्या दुपारी बंदरावरच्या कॉफीच्या कारखान्याकडून वारा आला की कॉफी भाजल्याचा वास सगळ्या गावावर पसरायचा. तसा वास असला की बार्ब्रू नाक वर करून म्हणायची, "आज करपवली." तेवढं तिचं वाक्य त्याला शब्दन्‌शब्द ऐकू यायचं. तोंड मात्र नाही.

मग त्यानं ते केलं जे त्याला करता येत होतं. घंटा वाजवणं सोपं होतं, म्हणून ते राहिलं. अवघड काम त्यानं हाती घेतलं. सभेनंतर ओसानं उतरवून टाकलेला कुलपांचा जुना फळा तळघराच्या अडगळीतून शोधून काढला, घरी आणून स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकवला, आणि त्याच्याकडे बघत जेवायला लागला. त्याला तो फळा जसा होता तसाच दिसला: भोकं असलेलं लाकूड. पण बार्ब्रू जे जे बोलली होती ते त्याच्याजवळ जसंच्या तसं होतं, कारण त्याच्या डोक्यात शब्दच राहतात. सोमवार फाटलेल्या दुधासारखा. मंगळवार मोहरीचा. बुधवार शाळेच्या दाराचा. आठवडा उजवीकडे वळतो, गुरुवार वळणावर, जरा खाली.

त्या शब्दांवरून त्यानं नवं पान रचलं. चौकोन, रंग, प्रत्येक घराचं पिटुकलं पितळी कुलूप. आठवड्याची ओळ वाकडी. आयुष्यभर शिस्तीनं जगलेल्या माणसानं ती वाकडी ओळ काढताना किती वेळा हात मागे घेतला असेल! पूर्ण झाल्यावर त्यानं ते पान पाहिलं आणि कपाळावर हात मारला. शनिवारचा भाजीबाजार बरा, असं ते दिसत होतं.

ओसानं पाहिलं नि थेट फोन केला. "तागे, तुला बरं आहे ना? ताप वगैरे?"

"जुनं पानही ठेवलंय," तागे म्हणाला. "वर कोपऱ्यात दाबायचं. ज्याला यादी हवी त्याला यादी, ज्याला फळा हवा त्याला फळा."

सोसायटीचे सरळ दोन तट पडले, आणि गंमत म्हणजे प्रत्येकाला दुसरा वेडा वाटायला लागला. मिलोरादनं कचरा टाकायच्या जागी तागेला गाठलं. "फळाच बरा, पण तू आठवडा उलटा वळवलायस. आठवडा डावीकडे वळतो. जात्यासारखा फिरतो, रविवार माझ्या पोटाशी." तो हे 'पाऊस पडतोय' म्हणावं तितक्या सहज सांगत होता. ओसाचे महिने जिन्यासारखे वर चढत जायचे, डिसेंबरला तिला चक्क दम लागायचा. सगळ्यांच्याच डोक्यात काही ना काही टांगलेलं होतं तर! तागेच्याच घरच्या भिंती रिकाम्या होत्या. कुणाच्या आवडीला तो आता हसला नाही. आवड कसली, जो तो आपापल्या घरात चाचपडून दिवा लावत होता.

आणि एका सकाळी पानावरच्या फळ्यावर, गुरुवारच्या चौकोनात, त्याच्या वेळेच्या पुढे, सात नंबरचं कुलूप येऊन बसलं.

तागेनं पान बंद केलं, पुन्हा उघडलं. कुलूप होतं. त्या गुरुवारी त्यानं दाढी केली, धुतलेला स्वेटर घातला, जाळीतला भुगा काढला आणि थोड्या वेळानं उगाच पुन्हा काढला. चादरी न ताणता टोपलीत ठेवल्या आणि वाट बघत बसला. बार्ब्रूची वेळ सुरू झाली. संपली. जिन्यात पाऊल वाजलं नाही.

पुढच्या गुरुवारी पुन्हा कुलूप, पुन्हा कुणी नाही. त्याच्या पुढच्याही गुरुवारी तेच. तागेचा जीव टांगणीला लागला. ही काय शिक्षा आहे? यायचं नाही, तर कुलूप कशाला लावायचं? तरी तो दर वेळी खाली जाऊन बसायचा. ती न आल्याचं दुःख होतं, पण कुलूप दिसलं नसतं तर ते सोसवलं नसतं.

नियम असा, की वेळ घेऊन अर्ध्या तासात यंत्र सुरू केलं नाही तर वेळ जाते. भिंतीवर चिठ्ठी लागली: 'सात नंबर, इथं बाकीच्यांचेही मळके कपडे असतात.' तागेनं ती फाडून टाकली. दुसऱ्याची चिठ्ठी फाडणं म्हणजे या इमारतीत जवळजवळ खून. दुसऱ्याच दिवशी ओसा त्याच्या दाराशी हजर.

"तागे, हे काय चाललंय? तू तिथं बसून सात नंबरची वेळ राखतोस म्हणे. मिलोराद टोपली घेऊन आला तर त्याला परत पाठवलंस."

"तिची वेळ आहे ती."

"ती येते का?"

"तिचं कुलूप येतं."

"हे बघ, आता दोनच गोष्टी. एक तर तिचं कुलूप काढून टाक, नाही तर जाऊन तिला विचार. सोसायटीच्या वतीनं."

सोसायटीच्या वतीनं! ओसाला कल्पना नव्हती की तिनं त्याला काय देऊन टाकलं होतं. तागेला कारण मिळालं होतं. तो तसाच घरच्या चपलांवर दुसऱ्या मजल्यावर उतरला आणि त्यानं घंटा वाजवली.

दार एका अनोळखी बाईनं उघडलं. पन्नाशीची, हातात चिकटपट्टी. मागे खोक्यांची चळत लागली होती. "मी इल्वा. बार्ब्रूची मुलगी."

"धुण्याच्या वेळेबद्दल आलोय," तागे म्हणाला. "सोसायटीच्या वतीनं."

"अग बाई, ते कुलूप!" इल्वानं कपाळाला हात लावला. "मी तिला किती वेळा सांगितलं. म्हटलं, आई, तू इथं लांब उमेओला, माझ्या घरी. तुला तिथं जाऊन धुवायचं नाही, मग वेळ कशाला अडवतेस? तर म्हणते, माझी जागा आहे ती. मला परत सापडलीय."

"उमेओला? कधीपासून?"

"तुम्हाला कुणालाच माहीत नाही?" इल्वानं त्याच्याकडे नीट पाहिलं. "पानगळीत पडली ती. बाजाराच्या चौकात. खुबा मोडला. आधी दवाखाना, मग माझ्याकडे. आता जिने चढणं होणार नाही. घर विकलं, एक तारखेपासून नवी माणसं येतील."

सभेनंतर काही दिवसांतच. म्हणजे राग नव्हता. ती हाड मोडून पडली होती, आणि तागे खालून तिच्या अंधाऱ्या खिडकीवर रुसला होता. सबंध हिवाळा. एका घंटेचं काम होतं.

"ती माझ्याबद्दल काही... मी तागे. तिच्या आधीच्या वेळेचा."

"तो तागे!" इल्वाचा चेहरा मऊ झाला. "आधी आधी रोज म्हणायची, तागेनं विचारलंसुद्धा नाही मी कुठं गेले ते. मग म्हणायला लागली, त्याला बोल लावू नका. त्याच्या डोक्यात चित्रंच नाहीत. मी समोर नसले की त्याच्यासाठी नसतेच, बिचारा."

कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं त्याला माफ करून टाकलं होतं, आणि तेही चुकीच्या कारणासाठी. ती नव्हती हे त्याला रोज कळत होतं. दिवसभर दुसरं काही कळतच नव्हतं.

"मला तिचा नंबर दे," तो म्हणाला. या वेळी तो सोसायटीच्या वतीनं बोलत नव्हता.

गुरुवारी तो खाली गेला. फोनवरच्या फळ्यावर सात नंबरचं कुलूप जागच्या जागी होतं. ते तिथं शेवटचंच. त्यानं एक चादर धुतली, आणि तिची वेळ सुरू झाल्यावर फोन रुळांवर ठेवून, मोठ्यानं ऐकू येईल असा करून, लावला.

"बार्ब्रू. मी तागे."

पलीकडे श्वास ऐकू आला. मग, "मोजा राहिला वाटतं."

"मी विचारायला हवं होतं," तो म्हणाला.

"हो. हवं होतंस."

"सभेत मी जे बोललो ते..."

"त्याचा राग आला होता. मग पडले, आणि राग त्या चौकातच राहिला." ती थांबली. "तुझा गुरुवार जरा पिवळा झालाय. म्हटलं, जाऊ दे, बिचाऱ्यानं न बघता कालवलाय. कुठं आहेस आत्ता?"

"खाली. चादर ताणतोय. एक टोक दाराच्या मुठीला बांधलंय."

ती हसली. तेच हसू, पोट धरून. ते त्याला पूर्ण ऐकू आलं.

"डोळे मीट," ती म्हणाली.

"काही दिसत नाही गं. तुझं तोंडही दिसत नाही. सगळा हिवाळा, रोज... रोज प्रयत्न केला."

"रोज?"

"रोज."

मग बार्ब्रूचा आवाज खाली आला, अगदी जवळचा. "मग मी सांगते. मला दिसतंय. तू रुळांकडे उभा आहेस. स्वेटरची बटणं एक सोडून लावलीयस. मी दाराकडे. चष्मा गळ्यात लोंबतोय, बाह्या वर केल्यात. चादर निळ्या काठांची. दोन्ही कोपरे धर. धरलेस? आता रेल मागे. ओढ."

तागेनं ओढलं. दाराची मूठ कुरकुरली.

"अजून. हां. आता कोपरे जुळव. आता मी तुझ्याकडे येते."

तो उभा राहिला. मूठ जागची हलली नाही. चादर मधे लोंबत राहिली. इतकी वर्षं या खोलीत तो आपल्या जागी उभा राहत आला होता, आणि दर वेळी तीच चालत येत आली होती. हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं.

"थांब," तो म्हणाला. "तू नको येऊस. या वेळी मी येतो."

"कुठं येतोस?"

"उमेओला. उद्याच्या गाडीनं."

तिनं नाक ओढल्याचा आवाज आला. "मग चादरी घेऊन ये," ती म्हणाली. "इल्वाला धड ताणता येत नाही."

तागेनं दाराच्या मुठीची गाठ सोडली, चादर ओलसर होती तशीच टोपलीत घेतली, आणि निघण्याआधी यंत्राच्या जाळीतला भुगा काढला.